शेरा

दोनशे एकोणीस कॅसेटी आणि एक लांब वही,
लाल कापडी बांधणीची, वागळे इस्टेटच्या कारखान्यातून आणलेली.
मागच्या पानांवर अजून प्रेसच्या डायचे आकडे,
पुढून माझे रकाने:
बँड. जागा. तारीख. टेप कुणी केली. कितवी प्रत. दर्जा. शेरा.

पहिली नोंद: ‘खाडीपूल’, कोपरीचं मैदान, जानेवारी शहाण्णव.
टेप केली बॉस्कोने, जाकिटाच्या अस्तरात वॉकमन शिवून,
माईक कॉलरला, सेफ्टी पिनेनं.
दर्जा: ब उणे.
शेरा: बेस चिखलात. गाणारा पत्र्याच्या डब्यात.
तिसऱ्या गाण्यात बॉस्को स्वतःच बोलतो,
‘सरक ना बाजूला, उंटा.’
उंट म्हणजे मी.

लाड कुणाचे केले नाहीत.
वाशीच्या हॉलमधल्या टेपेला क:
छप्पर आवाज गिळून पुन्हा ओकत होतं,
आणि कुणीतरी शेवटपर्यंत चिवड्याची पिशवी चुरगाळत होता.
नेरुळच्या कॉलेजातली, थेट मिक्सरमधून घेतलेली: अ.
तरी शेऱ्यात लिहिलंच,
माणसं नाहीत. गोदामात वाजवल्यासारखं.
अ अधिक फक्त एकीला.
‘उलट वारा’, बेलापूर, डिसेंबर दोन हजार तीन,
बॉस्कोची शेवटची, मस्कतला जायच्या आधीची.
शेरा: हिस अजिबात नाही. पाण्यासारखी.

त्याच सुमारास वहीत एक वाक्य
पुन्हा पुन्हा यायला लागलं होतं.
झांजा दबलेल्या.
झांजा दबलेल्या, प्रत जुनी असावी.
झांजा नाहीतच. माईक खिशात ठेवला होता का?
सानपाड्याच्या एका पोराला तर फोन करून सुनावलं,
बाबा रे, माईकवरचा रुमाल काढत जा.
रुमाल नव्हता, तो म्हणाला.
मी मानलं नाही.

पाचपाखाडीत, दुसऱ्या मजल्यावर,
डॉक्टर नाझनीन तुंगेकरांनी काचेच्या खोलीत बसवलं.
हेडफोन माझ्या हेडफोनपेक्षा बरा होता, ते आधी पाहून घेतलं.
ऐकू आलं की बटण दाबा.
दाबत गेलो.
मग बराच वेळ काही वाजेना.
वाटलं, बाई चहाला गेल्या.
काचेपलीकडे त्या वाजवतच होत्या.

कागदावर रेघ निघाली. सरळ येते, येते,
आणि चार हजारांपाशी
येऊरच्या कड्यावरून खाली.
प्रेस शॉपमध्ये किती वर्षं?
सव्वीस.
कानात बोळे?
कापसाचे, कधीमधी.
आणखी काही मोठ्यानं ऐकायची सवय?
वहीबद्दल मी काही बोललो नाही.

रात्री फणसेंच्या शाल्मलीला बोलावलं.
सोळा वर्षांची, कान अजून कोरे.
सानपाड्याची टेप लावली.
झांजा?
काका, झांजाच तर आहेत. टोचतायत.
मग तिला बेलापूर दिलं.
भुवया आवळून ती ऐकत राहिली,
म्हणाली, हे मागे सतत कोण काय तळतंय?

सगळ्या पुन्हा ऐकाव्या लागतील, दुसऱ्याच्या कानांनी.
काय घेशील, विचारलं.
दर रविवारी एकच टेप, ती म्हणाली, पुढच्या वर्षी बारावी आहे.
दोनशे एकोणीस रविवार.
भागाकार मी केला नाही.

सानपाड्याच्या पोराचा नंबर आता लागत नाही.

वही उघडली. जुने दर्जे खोडले नाहीत.
पट्टी धरून शेऱ्याशेजारी एक रेघ मारली,
नवा रकाना: ऐकली कुणी.
त्याखाली ओळीओळीत माझं नाव लिहीत निघालो.
बेलापूरपाशी पेन थांबलं.

लावली पुन्हा.
कुणी काही तळत नाही. पाण्यासारखी.
दुसऱ्या गाण्याआधी बॉस्को कॉलर सावरतो,
कापड माईकला घासतं, जाड, खालच्या पट्टीतलं.
ते येतं.